उलट बाजूचे गुण

वस्त्रकला शिकणाऱ्या मुलांना नुसतं फूल काढायची मुभा नसते. फुलामागे ‘संकल्पना’ लागते. शाळेत आपण पाच पाकळ्या काढून मध्ये पिवळा ठिपका दिला की आपलं फूल संपायचं. यांचं तिथून सुरू होतं. आधी मूडबोर्ड, मग मोटिफ, मग त्याचं रिपीट, मग सॅम्पल आणि शेवटी या सगळ्याची जाडजूड फाईल. साताऱ्यात शिकणाऱ्यांची संकल्पनेची चिंता मात्र भाद्रपदात परस्पर मिटते, कारण पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार असतं. तिथल्या परीक्षकांनी पठारावर नसतील इतकी फुलं आजवर कापडावर पाहिली असावीत.

माझी भाची सांगलीची, शिकायला साताऱ्यात. छपाई आणि भरतकाम दोन्ही एकाच कापडावर आलं पाहिजे, असा तिचा प्रकल्प होता आणि विषय अर्थातच कास. हे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि त्यावर फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेच्या वर जाती. पहिल्या आराखड्यात तिनं त्यातल्या मावतील तितक्या कोंबल्या होत्या. तिच्या आजीनं चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारलं, “छान आहे की गं. पलंगपोस का?”

त्या एका प्रश्नानं खोडरबर कामाला लागलं. अखेर तीनच उरली: तेरडा, गेंद आणि सीतेची आसवं. मिकी माउस म्हणतात ते पिवळं फूल शेवटपर्यंत तग धरून होतं, पण पलंगपोसांवर त्या नावाचा उंदीर आधीच मुक्कामाला असल्यामुळे तेही गळालं.

तेरडा ठशाला दिला, हे मला पटलं. एकटा तेरडा बघायला कुणी घाट चढत नाही. तो पसरलेला बघायला जातात. ठसा रंगाच्या गादीवर टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीचा ठोका द्यायचा. कोपऱ्याची खूण आधीच्या खुणेवर नेमकी बसली तर ओळ सरळ जाते. केसभर चुकली की चार ओळींत सगळा तेरडा उतारावरून घरंगळायला लागतो. गेंदाचं पांढरं बोंड मात्र गाठीच्या टाक्यासाठीच जन्माला आलेलं. सुईवर दोऱ्याचे दोन वेढे घ्यायचे, ते अंगठ्यानं दाबून धरायचे आणि सुई वर आली त्याला अगदी लागून खाली न्यायची. अंगठा जरा सैल पडला की गेंदाचा गुंता.

सीतेच्या आसवांना भरीव टाका मिळाला. नाव इतकं करुण, पण वनस्पती कीटकभक्षी. बारीकशा पिशव्यांत जीव पकडून पचवते. भाचीनं मूडबोर्डवर ‘विरह’ लिहिलं होतं. हे कळल्यावर तिनं ते खोडून ‘निसर्गातील समतोल’ केलं. संकल्पना अशी लवचीक असावी.

पुढे पिवळ्या रंगाची पाळी आली. सांगलीच्या मुलीनं पिवळा रंग डबीतून विकत घ्यायचा म्हणजे पेठेची अब्रू जायची. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. जवळच्या हरिपुरात ती जमिनीखालच्या पेवांत साठवत. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. एवढं सगळं फाईलमध्ये लिहून झाल्यावर तिनं मांजरपाट हळदीत उकळला. रंग असा आला की बघत राहावं. आजीनं काही न बोलता साबणाची वडी पुढे केली. साबण लागताच हळदीनं चुना लागल्यासारखा तांबडा रंग धरला. लिंबू पिळल्यावर पिवळेपणा परतला, तर तो उन्हात विटला.

“हळद सांगलीची असली म्हणून साबणापुढं तिचं काय चालतंय?” आजी म्हणाली. लग्नघरातली पातळं धुण्यात उमेद घालवलेल्या बाईला रसायनशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. शेवटी हिरडा आणि तुरटी यांच्या मंद पिवळ्यावर तडजोड झाली.

भरतकाम हातात आल्यावर आजीनं पहिल्यांदा काय केलं, तर कापड उलटं केलं. भरतकामाचा खरा हिशोब मागच्या बाजूला असतो. शेजारच्या कर्नाटकातल्या कसुतीत तर गाठच मारत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाका घालायचा, आणि त्यातला गवंती टाका दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. आमच्या गेंदांच्या मागे मात्र दोरे या फुलावरून त्या फुलावर उड्या मारत गेले होते. “पुढं कास, मागं एसटी स्टँड,” असा शेरा मिळाला.

आता आजी थोर आणि फाईल फोल, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण मला ती फाईल आवडली. आजीच्या घरात एक जुनी वाकळ आहे. तिच्या कोपऱ्यावरचे टाके कुणी घातले, त्यातला न विटलेला लाल कशाचा, हे आज कुणालाच सांगता येत नाही. आजीला विचारलं तर “सासूबाई घालायच्या तसं” यापलीकडे उत्तर नाही. हात कसबी होते, पण लिहून ठेवण्याइतकं ते महत्त्वाचं आहे असं त्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

फाईलमध्ये शेवटाकडे एक पान आहे. त्यावर हळदीत रंगवलेले चार तुकडे ओळीनं चिकटवलेत: नुसता, साबण लावलेला, लिंबू पिळलेला, उन्हात वाळवलेला. खाली आजीचं वाक्य अवतरणात दिलंय आणि ‘मार्गदर्शन’ म्हणून तिचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. गुण अर्थातच फुलांना मिळाले आणि त्यात गैर काही नाही. पण पुढे कधी कुणाला हळदीत कापड बुडवायची हुक्की आली, तर तो फुलांची पानं भराभर उलटून याच पानावर थांबेल. निदान त्याचं लिंबू तरी वाचेल.