जरा उठाव हवा

तुम्ही त्यांना ओळखता. तुम्ही मुंजीच्या पत्रिका निवडत होता तेव्हा शेजारी जे गृहस्थ व्हिजिटिंग कार्डाचा एकच नमुना आधी ट्यूबलाइटखाली, मग दारात आणि मग भर रस्त्यात धरून बघत होते, तेच ते. बुधवार पेठेपासून नारायण पेठेपर्यंत ज्याच्या दारावर 'मल्टिकलर ऑफसेट' अशी पाटी आहे, त्या प्रत्येकाच्या नशिबी त्यांचा एक तरी अवतार असतो. आमच्या वाट्याला मसालेवाले काका आले.

काकांचा घरगुती मसाल्यांचा धंदा. पुड्यांची लेबलं, हँडबिलं, कार्डं, दिवाळीच्या तोंडावर भाजणीचं दरपत्रक. काम सगळं मिळून हजार-दोन हजार नगांचं. पण ते पुरं होईस्तोवर शेजारच्या प्रेसमधून दहावीच्या गाइडांची अख्खी आवृत्ती बाहेर पडते. मजकुराबद्दल काकांचं काही म्हणणं नसतं. एकदा 'गोडा मसाला'चा 'घोडा मसाला' झाला होता, तो माझ्याच नजरेला पडला. काकांचं लक्ष रंगावर. प्रूफ हातात घेतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "छान आहे. पण उठाव नाही."

आता हे कुणीतरी समजावून सांगायला हवं, म्हणून मी सांगितलं. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावरचा लाल पेटलेला दिसतो, कारण तो खरोखरच पेटलेला असतो. आमच्याकडे डबे चारच: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. मॅजेंटा शंभर टक्के, पिवळा शंभर टक्के, की झाला लाल. यापुढे वाट नाही.

"मग एकशे दहा टाका की," काका म्हणाले.

मी दुसऱ्या बाजूने गेलो. म्हटलं, काका, तुमचं काम छोटं आहे, ते चारचौघांबरोबर एकाच शीटवर छापलं जातं. तुमच्या रांगेत कुणाचं तरी निळं कार्ड आहे. तुमच्यासाठी मॅजेंटा वाढवला तर त्याचा निळा जांभळा होतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्याला विचारा ना, जांभळा चालेल का. चांगला रंग आहे."

तोंडी सांगून आम्हाला कळत नाही, हे ध्यानात आल्यावर काका नमुने आणू लागले. हळदीच्या लेबलासाठी झेंडूच्या पाकळ्या. कार्डाच्या किनारीसाठी काकूंच्या जुन्या पैठणीचा काठ, तोही "संध्याकाळपर्यंत परत पाहिजे" या बोलीवर. आमरसाच्या हँडबिलासाठी हापूसची फोड आली. त्या दिवसापासून आमच्या कीबोर्डचं एंटर बटण दाबलं की चिकटून बसतं. आणि तिखटाच्या लेबलासाठी अर्थातच तिखट. कागदाची पुडी सोडून त्यांनी ते सरळ स्कॅनरच्या काचेवर ओतलं आणि म्हणाले, "घ्या, हाच रंग. आता चुकायला जागाच नाही." मी झाकण लावलं. झाकण लावताना जो वारा सुटतो, त्याचा विचार दोघांनीही केला नव्हता. पुढचा बराच वेळ रंगावर चर्चा झाली नाही. डोळे पुसून झाल्यावर काकांनी पडद्याकडे पाहिलं. "तिखट चांगलं आहे," ते म्हणाले, "पण उठाव नाही."

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा चित्रातल्या एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. काका त्या काळी गिऱ्हाईक असते, तर लक्ष्मीच्या साडीचा दगड बदलता बदलता तिथले जर्मन कारागीर परत जर्मनीला गेले असते.

एक मात्र कबूल करायला हवं. छपाईतले रंग ५,००० केल्विनच्या, म्हणजे जवळजवळ दिवसाच्या, उजेडात पारखावेत असं शास्त्र आहे. आम्ही ते वाचून ट्यूबखालीच बसतो. काका काही न वाचता प्रूफ घेऊन रस्त्यात, रिक्षांच्या शिव्या खात, उभे राहतात.

यंदा मिरचीच्या लेबलाला मी इरेलाच पेटलो. चार डब्यांच्या जोडीला खास तयार लालाची पाचवी प्लेट लावली, वरून ग्लॉस लॅमिनेशन. असा लाल, की रस्त्यावरून जाणारी बस थांबावी. काका ते घेऊन बाहेर गेले. खिशातली पुडी काढली, चिमूटभर तिखट तळहातावर घेतलं आणि लेबलाशेजारी हात धरून उभे राहिले.

"आला ना उठाव?"

"फार आला." काका परत आत आले. "माझं तिखट एवढं लाल नाही हो. बेडगी आणि संकेश्वरी मिळून दळतो मी, वरून रंग घालत नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन पुडी फोडतं, तेव्हा लेबल त्याच्या हातातच असतं."

याच टेबलावर मी एका बिल्डरच्या उजाड प्लॉटमागे हिरव्यागार टेकड्या उभ्या करून दिल्या आहेत. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांना नवे शर्ट चढवून यंदाही उत्तीर्ण केलं आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एका भाऊंची पंधरा वर्षं आणि निम्मी हनुवटी उतरवली आहे. त्यांच्यापैकी एकानेही प्रूफ उन्हात नेऊन खऱ्याशी ताडून पाहिलं नाही. व्हॉट्सॲपवर अंगठा येतो, काम मशिनला लागतं. फार गुणी गिऱ्हाइकं.

पाचवी प्लेट रद्द केली. मॅजेंटा खाली आणला, थोडा काळा सोडला, विटकरीकडे झुकणारा लाल निघाला. तळहातावरचं तिखट त्या कागदावर ठेवलं तर वेगळं शोधावं लागलं असतं. काकांनी प्रूफवर सही केली आणि बिल मागितलं. चष्मा वर करून ते खालपर्यंत वाचलं.

"मॅजेंटा कमी लागला ना आता?" काका म्हणाले. "मग तेवढे वजा करा की."

केले.