सेकंदकाका

फुल मॅरेथॉन धावणाऱ्याला आपल्याकडे मान आहे. बेचाळीस किलोमीटर म्हटलं की नातेवाईक 'बाप रे' म्हणतात, सोसायटीच्या गणपतीत शाल-श्रीफळ मिळतं, आणि धावणारा चार दिवस लंगडत जिना उतरला तरी तो लंगडेपणा कौतुकात मोजला जातो. दहा किलोमीटरवाल्याला मात्र एकच प्रश्न असतो, "दहाच? मग फुल कधी?"

आमच्या बी विंगमधल्या सेकंदकाकांना या प्रश्नाचा जेवढा राग येतो, तेवढा पुण्यात आठवडाभर पाणी न आल्याचाही येत नाही. "अंतर काय हो, कुणीही कापेल," ते म्हणतात, "वारीला जाणारी आजीबाई आळंदी ते पंढरपूर चालते. किती वेळात, ते सांगा!"

काका बँकेत आहेत, वय त्रेपन्न. दहा किलोमीटरची त्यांची सर्वोत्तम वेळ आहे 50 मिनिटं 4 सेकंद. पन्नासच्या आत यायचं म्हणजे प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटांच्या आत हवा. राहिले चार सेकंद. या चार सेकंदांनी त्यांच्या घरात पाचव्या माणसासारखा मुक्काम ठोकला आहे. जेवताना त्यांचाच विषय, झोपताना त्यांचाच. लग्नाच्या वाढदिवसाची आठवण काकूंना करून द्यावी लागते, पण त्या शर्यतीतला सातवा किलोमीटर किती मिनिटांत गेला ते काका झोपेतही सांगतील.

त्या चार सेकंदांचं काय झालं, याचा ताळेबंद तयार आहे. रस्ता मोजण्याचा नियम त्यांना तोंडपाठ. मोजणारा माणूस सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावतो, ती सायकल आधी मोजलेल्या अंतरावर चालवून तपासतो, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर राखून सर्वांत जवळच्या रेषेने जातो आणि रस्ता चुकून आखूड भरू नये म्हणून हजाराला एक या हिशोबाने अंतर वाढवून ठेवतो. दहा किलोमीटरला दहा मीटर. काकांच्या वेगाने दहा मीटर म्हणजे तीन सेकंद. "म्हणजे चारातले तीन नियमानेच खाल्ले!" उरलेला एक सेकंद पाण्याच्या टेबलापाशी सेल्फी काढायला थांबलेल्या टोळक्याच्या नावे लिहिला आहे.

तयारी मात्र खानदानी. मंगळवारी पहाटे सणस मैदानावर चारशे-चारशे मीटरचे फेरे, गुरुवारी टेम्पो, म्हणजे सलग जोरात पळणं, रविवारी लांब पल्ला. शर्यतीच्या आदल्या रात्री डायनिंग टेबलावर टी-शर्ट पसरून नंबराचा कागद चार पिनांनी लावतात, तिरका वाटला की काढून पुन्हा लावतात. शेजारी बीटच्या रसाचा ग्लास. बुटांत कार्बनची पट्टी आहे आणि किंमत काकूंच्या पैठणीच्या वरची. रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाचा तळ चाळीस मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही, असा जागतिक संघटनेचा नियम आहे. काकांनी मोजपट्टी लावून तळ मोजून घेतला. उद्या विक्रम झालाच, तर बुटावरून वाद नको!

थोरामोठ्यांच्या धावण्यावरही त्यांचं बारीक लक्ष असतं. इथिओपियाच्या बेरिहू अरेगावीने 2021 च्या शेवटच्या दिवशी बार्सिलोनात पाच किलोमीटर 12 मिनिटं 49 सेकंदांत काढले. तेवढ्या वेळात काका अडीच किलोमीटरची पाटी नुकती मागे टाकतात. पण व्हिडिओ बघून म्हणाले, "मधे थोडं अजून दाबायला हवं होतं."

त्यांचा एकही फोटो धड नाही. शेवटची रेषा ओलांडताना इतर लोक हात उंचावतात, हसतात, काही जण नमस्कारही करतात. काकांची मान खाली आणि उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटावरच्या घड्याळाच्या बटणावर. भिंतीवर सहा फोटो लागलेत, सहाही टकलाचे.

वय लपवणारे लोक आपण बघतो. हे पंचावन्न पूर्ण व्हायची वाट बघत आहेत, कारण मग वरच्या वयोगटात पळता येतं आणि तिथे पहिल्या तिघांत येण्याची आशा आहे. वाढदिवसाला कुणी "वाटत नाही हो तुमच्याकडे बघून" म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं.

हसू येतं खरं. पण गेल्या हिवाळ्यात एका नवख्या आयोजकांच्या शर्यतीत काका 49 मिनिटं 9 सेकंदांत आले. सगळ्यांनी पाठ थोपटली, काकूंनी डोळे पुसले. काका मात्र घड्याळाकडे बघत उभे. घड्याळात अंतर 9.83. मेडल गळ्यात तसंच ठेवून ते तोच रस्ता कडेकडेने पुन्हा चालून आले. पुन्हा तेवढंच भरलं. संध्याकाळी वहीत त्यांनी लिहिलं, "रस्ता आखूड. धरायची नाही." ही वेळ खोटी आहे असं त्यांना कुणीही म्हणालं नव्हतं. म्हणणारही नव्हतं. दहा किलोमीटरच्या वेळेत इथे रस कुणाला आहे?

आमच्या सोसायटीत जागेचा एरिया वाढवून सांगणारे आहेत, पगार वाढवून सांगणारे आहेत, मुलाचे टक्के तर सगळेच वाढवून सांगतात. हातात आलेले एक्कावन्न सेकंद परत करणारा माणूस एकच आहे.

तेव्हा रविवारी असे कुणी काका भेटले तर "फुल कधी?" विचारू नका. "किती लागले?" एवढंच विचारा. फक्त तासभर हाताशी ठेवून विचारा, कारण पन्नास मिनिटांच्या आत काहीही संपवणं त्यांना अजून जमलेलं नाही.