हवापालट, सासुरवाडीमार्गे

नागपुरात ऋतू बदलला हे आकाशाकडे पाहून कळत नाही, कूलरकडे पाहून कळतं. कूलर माळ्यावरून उतरला की उन्हाळा, त्यातल्या पाण्याला वास यायला लागला की पावसाळा, आणि त्याच्यावर गोधड्या वाळत पडल्या की हिवाळा. माझ्या शरीरालाही हे तिन्ही सांधे बरोबर कळतात. दर वेळी आधी शिंका येतात आणि मग आपल्याला विश्रांतीची नितांत गरज आहे असं वाटायला लागतं. शिंका चार दिवसांत जातात.

ऑफिसातले लोक अशा वेळी पचमढीला जातात, चिखलदऱ्याला जातात आणि परत आल्यावर महिनाभर मोबाइलमधले धबधबे दाखवतात. मी भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात जातो. तिथं माझी सासुरवाडी आहे. लोकांना वाटतं मी कंजूष आहे. मी त्यांना समजावतो, बाबांनो, भंडारा हा तलावांचा जिल्हा. मधून वैनगंगा वाहते, शेजारी नागझिरा आहे, २०१३ साली जाहीर झालेलं कोका अभयारण्य आहे, तुमसरकडे आंबागडचा किल्ला आहे, पवनीला तर उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध स्तूप निघालेत. हे सगळं खरं आहे. यातलं बरंचसं मी अजून पाहिलेलं नाही, हेही खरं आहे. आणि मी कंजूष आहे, हे तर आहेच.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी ठरवलं की महामार्गानं बसचे धक्के खात जायचं नाही, रेल्वेच्या खिडकीतून भिजलेली शेतं पाहत जायचं. भंडारा रोडला उतरलो. छत्री उघडली, छाती भरून हवा घेतली आणि बायकोला म्हणालो, चल, आता खांब तलावापर्यंत पायी फिरत जाऊ. हे स्टेशन वरठीत आहे आणि भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर लांब, ही गोष्ट जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. बायको याच जिल्ह्यातली. ती काही बोलली नाही. नव्या नवऱ्याला अडवू नये असं तिला वाटलं असेल, किंवा तो किती चालतो ते पाहायचं असेल. बराच वेळ चालल्यावर एका चहाच्या टपरीवर कळलं की आमचं तोंड तुमसरकडे आहे. तेव्हापासून तिनं माझ्या कुठल्याही सहलीच्या बेताला विरोध केलेला नाही. ती फक्त बॅगेत जास्तीचे मोजे टाकते.

पुढच्या जुलैतला बेत मात्र मी वहीत लिहून काढला होता. आधी नागझिरा, मग सासरच्या ओसरीवर पडून पावसाचा आवाज ऐकत पुस्तक वाचणं. ऑफिसातल्या एकाची दुर्बीण उसनी आणली. साळ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, भिजत, पिटेझरीच्या फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद. राज्यातल्या व्याघ्रप्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो. मी दुर्बीण लावून तशी पाटी अगदी स्पष्ट वाचली. साळ्याला विचारलं, तुला हे माहीत नव्हतं का?

"माहीत होतं ना, भाऊजी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी दुर्बीन घेतली होती. मले वाटलं, फाटक पाहाले चालले असाल."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बाज टाकली, डोक्याखाली उशी घेतली, पुस्तक उघडलं. बाहेर पुनर्वसूचा पाऊस. तिसऱ्या पानावर मामाजी समोर येऊन उभे राहिले.

"जवाईबापू, जरा धुऱ्यापर्यंत येता का?"

सासऱ्यांच्या तोंडच्या 'जरा'ला मी तेव्हा नवखा होतो.

रोवणी चालू होती. धान या विषयात मला तोवर ताटातल्या भातापुरतीच गती होती. आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे, ते तीन-चार आठवड्यांचे झाले की उपटून त्यांच्या पेंड्या बांधायच्या, तोवर बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी साचवून तिचा लोण्यागत चिखल करायचा आणि मग हातातले पऱ्हे थोडे थोडे करून त्यात रोवत जायचे. पऱ्हे म्हातारे झाले की फुटवे कमी धरतात, म्हणून थांबून चालत नाही. पाऊस सगळ्या गावावर एकदम पडतो, म्हणून रोवणाऱ्या बायाही सगळ्या गावाला एकाच वेळी लागतात. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा जिल्हा, त्यातले हे सगळ्यात घाईचे दिवस, आणि रस्त्यावरून दिसेल अशा ओसरीवर एक धडधाकट माणूस बाजेवर पडून कादंबरी वाचतोय. गाव काय बोलत असेल याची मला कल्पना नव्हती. मामाजींना होती. पावसाळ्याची मजा घ्यायला त्या अख्ख्या गावात मी एकटाच आलो होतो.

धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली वीतभर रुंदीची पाळ. पावसानं ती बुळबुळीत झालेली असते. तिच्यावरून मामाजी या वयात पेंड्यांचा भारा घेऊन झपझप जातात. मी तिच्यावरून दुर्बीण घेऊन निघालो. घरी ठेवून यायला हवी होती, पण वाटलं, एखादा बगळा दिसला तर.

बगळा दिसला. त्याच्याकडे पाहताना पाय सरकला. चिखलणी झालेल्या बांधीत माणूस पडत नाही, रुजतो. वाकलेली बायांची रांग सरळ झाली. "जवाई पडला वो!" अशी एकीनं हाक दिली आणि मी उठायच्या आत ती बातमी दोन बांध्या पार गेली. मला दोघींनी धरून ओढून काढलं, पाकीटही त्यांनीच चिखलातून काढलं, धुतलं, आणि पहिल्यांदा रोवणीवर आलेल्या जवायाकडून चहापाण्याला म्हणून त्यातली एक नोट स्वतःच निवडून घेतली. मोठी होती. उजवी चप्पल मात्र कुणालाच सापडली नाही. ती नोव्हेंबरात, धान कापताना सापडली. साळ्यानं बैल हाकायच्या तुतारीच्या टोकावर टांगून तिचा फोटो पाठवला.

चिखल अंगाला लागलाच आहे तर आता रोवूनच पाहू, असं मला का वाटलं, हे आजही सांगता येत नाही. रोवणारा माणूस मागं मागं सरकतो. मी पुढं पुढं गेलो, म्हणजे रोवलेलं सगळं तुडवत. बऱ्याच वेळानं कमर धरून वळलो तर माझ्यामागून एक म्हातारी न बोलता माझं सगळं काम पुन्हा करत येत होती. तिला त्या दिवशी दुप्पट मजुरी द्यायला हवी होती. बाकीच्यांना करमणूक फुकट मिळाली. त्या तुकड्याला गावात अजून 'जवायाची बांधी' म्हणतात. सातबाऱ्यावर लेकीचं नाव लागलं नाही आणि गावाच्या तोंडी जवायाचं लागलं, ही बायकोची तक्रार मात्र मला रास्त वाटते.

संध्याकाळी पाय धुवायला गावच्या तलावावर गेलो. या भागातले कितीतरी जुने तलाव गोंडराजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. उतार पाहून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचं, खालच्या बांध्या भिजवायच्या. ना सिमेंट, ना अभियंता. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव कागदोपत्री चिकटलं. आमच्या ऑफिसच्या गच्चीला लागोपाठ काही वर्षं डांबर फासलं तरी ती गळते, या विचारात मी पाळीवर टेकलो. गार वारा होता, पलीकडे पळसाची झाडं, पाण्यावर पावसाचे थेंब. हीच ती विश्रांती, असं मनात आलं तोच काठावरच्या एका ढिवरानं जाळ्याचं टोक माझ्या हातात दिलं.

"भाऊ, जरा धरा."

रात्री मासोळीचा रस्सा आणि चिन्नोरचा भात होता. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते देणाऱ्यांना तो नुसता हुंगायला दिला असता तरी काम झालं असतं, असं माझं मत आहे. मी इतका जेवलो की सासूबाईंनी वाढायचं थांबवून नुसतं पाहत राहणं पसंत केलं. झोप मात्र लागली नाही. नागपूरच्या ट्रॅफिकला कंटाळून मी शांततेसाठी आलो होतो, आणि घरामागच्या बोडीत बेडकांनी पहाटेपर्यंत मैफल लावली. मामाजींनी सकाळी पंचांग पाहून सांगितलं की पुढच्या पुष्य नक्षत्राचं वाहन यंदा गाढव आहे. सांगताना ते माझ्याकडे पाहत होते की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.

हिवाळ्यात रोवणी नसते, या भरवशावर दिवाळीनंतर पुन्हा गेलो. मंडईचा हंगाम होता. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. लेकी-जवाई येतात, ऊस-शिंगाड्यांचे ढीग लागतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री दंडार किंवा नाटक असतं. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे दोन तासांत उरकणारं काम नव्हे. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, उघड्यावर मंडप पडतो, ऑर्गन-तबला लागतो, आणि पडदा पडेपर्यंत पूर्वेला तांबडं फुटतं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेवढ्या जागरणासाठी एखादं पदक प्रेक्षकांनाही द्यायला हरकत नाही.

गावात शिरल्या शिरल्या पोस्टर दिसलं. नाटकाचं नाव शोधावं लागत होतं, कारण वर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी यांची जनगणना होती. सहउद्घाटकांच्या रांगेत, शेवटून दुसरं, माझं नाव. "तुमची वर्गनी मी भरून टाकली," मामाजी म्हणाले, "नंतर द्या." मला मनातून गुदगुल्या झाल्या. ऑफिसच्या सूचनाफलकावर माझं नाव आजवर फक्त उशिरा येणाऱ्यांच्या यादीत आलं होतं.

मान्यवर म्हणून आम्हाला स्टेजवर बसवलं. प्रत्येकाचं स्वागत झालं, आणि प्रत्येकजण 'मी आपला फार वेळ घेणार नाही' असं म्हणून तो घेत राहिला. थंडी वाढत गेली. माझी पाळी आली तेव्हा शाल आणि नारळ मिळाला. नारळाचं माहीत नाही, पण शालीसाठी मी त्या मंडळाचा जन्मभर ऋणी आहे. नाटक सुरू झालं तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती. आम्हाला पहिल्या रांगेत खुर्च्या. पहिल्या अंकात सावकारानं जमीन बळकावली एवढं मला आठवतं. पुढचं आठवतं ते साळ्यानं खांदा हलवल्याचं आणि हजारभर लोकांच्या हसण्याचं. स्टेजवरचा विनोदी नट माझ्याकडे बोट दाखवत होता. "अरे, सावकार आला, जमीन गेली, पोरगी पळाली, अन् उद्घाटक घोरून रायले!" ते वाक्य संहितेत नव्हतं, पण पुढच्या गावच्या प्रयोगातही त्यानं ते ठेवलं असं कानावर आलं. त्या जिल्ह्यात मला खरी गाढ झोप लागली ती एवढी एकच.

मग मला वाटलं की आपण उलटं करून पाहावं. धान विकून झालं होतं, तलावात पाणी कमी म्हणून मामाजींनी उन्हाळी धान टाकलं नव्हतं. "मामाजी," मी म्हणालो, "तुम्हीच आता नागपूरला या. चार दिवस काही करू नका. नुसता आराम."

आले. पहाटे चारला उठून अंघोळ करून बसले. पेपर यायला अजून दोन तास होते. सहा वाजता चौकीदाराकडे जाऊन त्याची शेती किती, पाणी कुठून, लेकी किती, हे विचारून आले. आठपर्यंत सोसायटीतल्या कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या. त्याबद्दल दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी कूलरचा डगडगणारा स्टँड ठोकून बसवला. खिळे मी धरले होते, माझा अंगठा त्याला साक्षी आहे. संध्याकाळी मी त्यांना मोठ्या कौतुकानं फुटाळा तलावावर नेलं. गर्दी, मक्याची कणसं, सेल्फी. मामाजींनी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, वाकून खाली पाहिलं, बराच वेळ तुडुम शोधलं.

"एवढं पानी भरून ठेवलं," ते म्हणाले, "अन् खाली धान कोठी हाये?"

मी त्यांना कणीस घेऊन दिलं.

चार दिवसांसाठी आलेला माणूस दुसऱ्याच दुपारी पिशवी भरून तयार. मी गणेशपेठच्या बसस्थानकावर सोडायला गेलो. चेहरा पार उतरलेला. म्हटलं, मामाजी, बरं वाटत नाही का? "नाई, तसं काई नाई," ते म्हणाले, "तुमच्याकडं काईच काम नाई, जवाईबापू. मी त थकून गेलो."

रात्री फोन आला. पोचलो, जेवलो, आता झोपतो, म्हणाले. आवाज टवटवीत होता. ठेवता ठेवता पुढं म्हणाले, माकडांनी यंदा छपरावरचे कवेलू फार फोडले, पावसाच्या आधी घर फेरावं लागंल, तेव्हा नवतपा लागाच्या आत जरा येऊन जा.

बायकोनं मोजे काढले. मी म्हणालो, मे महिन्यात मोजे कशाला? ती म्हणाली, कवेलू तापतात, हाताला घालायला. मी मेडिकलमधून दुखण्यावरचा मलम आणला आणि सकाळी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: हवापालट व विश्रांती. साहेबांनी सही करता करता विचारलं, "यंदा पण तिकडंच का? मजा आहे बुवा तुमची."