सेटअपराव

कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात, ते उगीच नव्हे. गैबी चौकात नव्या माणसाच्या नावाआधी त्याचा गट कळावा लागतो. राजे, मंडलिक, मुश्रीफ यांतलं काहीच न सांगणारा एक तर पाहुणा असतो, नाही तर चांगलाच पोचलेला. अशा गावात पायथन शिकायला बसलेलं पोरगं कोड लिहायचा एडिटरही गट धरावा तसाच धरतं, यात त्याच्या एकट्याचा दोष नाही. या पोराला आपण सेटअपराव म्हणू. तो निपाणीत भेटतो तसा हिंजवडीतही भेटतो, पण कागलची जमीन त्याला विशेष मानवते. त्याच्या लॅपटॉपवर एडिटर पाच, थीम अकरा आणि प्रोग्रॅम एकच : जगाला नमस्कार घालणारा. तोही अर्धाच, कारण मधेच त्याला कळलं की दुसरा एडिटर याच्यापेक्षा लय भारी आहे. सोमवारी व्हीएस कोड, बुधवारी सब्लाईम टेक्स्ट. शुक्रवारी तो विम उघडतो आणि रविवारपर्यंत त्यातून बाहेर पडायची वाट शोधतो. या शेवटच्या बाबतीत मात्र त्याला हसू नये. विममधून बाहेर कसं पडावं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न 2017 सालापर्यंतच दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता.

एडिटरांची गटबाजी त्यानं सुरू केलेली नाही. व्हीआय आणि ईमॅक्स दोन्ही 1976 सालचे, आणि त्यांची माणसं अजूनही एका पंगतीला बसत नाहीत. सेटअपराव चुकतो तो हिशेबात. गट बदलणं महाग असतं : सोसायटीचं कर्ज, दूध संस्थेतली ओळख, भावकीतलं येणंजाणं, लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर छापायचं, सगळंच हलतं. एडिटर बदलताना यातलं काही हलत नाही, कारण कोडची फाईल म्हणजे निव्वळ अक्षरं. पडद्यावर दिसणारे निळे-हिरवे रंग एडिटर दाखवण्यापुरते लावतो, फाईलमध्ये ते उतरत नाहीत. गिटहबनं आपला ॲटम हा एडिटर 15 डिसेंबर 2022 ला कायमचा गुंडाळला. त्याचा चाहतावर्ग मोठा होता, पण त्यात लिहिलेली एकही ओळ वाया गेली नाही. लोकांनी त्याच फाईली दुसऱ्या एडिटरमध्ये उघडल्या आणि पुढं लिहायला लागले. आमदार पडल्यावर आमच्याकडं इतकी शांतता नसते. जी निवड उद्या फुकटात बदलता येते तिच्यावर तीन महिने घालवणं म्हणजे चपला काढायच्या कुठं, या विचारात देऊळ बंद होण्याची वेळ आणणं.

मग विंडोजमधलं नोटपॅड का पुरू नये, असं कुणी विचारील. ही साधेपणाची हौसही बरी नव्हे. नोटपॅडमध्ये फाईल जतन करताना जरा दुर्लक्ष झालं की तिच्या नावाला मागून डॉट टीएक्सटी चिकटतं, आणि विंडोज ती शेपटी मुळातच लपवून ठेवत असल्यामुळं पोराला वाटतं फाईल बरोबर आहे, पायथनच बिघडलं. पायथनला ओळीच्या आधी सोडलेली जागा अर्थासकट लागते. कुठं टॅब, कुठं चार स्पेस असं मिसळलं की प्रोग्रॅम अडतो, आणि नोटपॅडमध्ये दोन्ही सारखीच कोरी दिसतात. चूक चौदाव्या ओळीत आहे असा निरोप आला तर समासात आकडे नसल्यामुळं ती ओळ शोधत बसायचं. म्हणजे नवख्याला गरज आहे ती समासात ओळींच्या आकड्यांची, शब्दांच्या रंगांची आणि जागा नीट सांभाळण्याची. 2003 पासून फुकट मिळणारं नोटपॅड प्लस प्लस एवढं करतं. पायथनबरोबर येणारं आयडल करतं. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेला थॉनी तर पायथन सोबत घेऊनच येतो आणि प्रोग्रॅम एकेक पायरी चालवून कुठल्या डब्यात कोणती किंमत पडली तेही दाखवतो. यांतला कुठलाही घ्यावा. नाणं उडवून घेतला तरी चालेल.

सेटअपरावाचा खरा हुकमी पत्ता वेगळा आहे : कंपनीत सगळे व्हीएस कोडच वापरतात, मग आधीपासून तेच का नको? सगळे नसले तरी फार मोठा वर्ग वापरतो, हे खरं. पण खासबागेत कुस्त्या होतात म्हणून कुणी पहिल्या दिवशी खासबागेत उतरत नाही, आधी गल्लीतल्या तालमीत माती अंगाला लावतो. व्हीएस कोड घेतलं तरी पायथन वेगळं बसवावं लागतं; ते न बसवता विंडोजला पायथन म्हणून हाक मारली की मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं, आणि आपण काय मागितलं होतं तेच पोराला कळेनासं होतं. त्यातून हल्ली दोन अक्षरं टाइप केली की एआय पुढच्या दहा ओळी सुचवतं. दुसऱ्यानं तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फोटो काढता येतो, पण हाताला कोयता बसत नाही. वर्षभर हात बसल्यावर जरूर जावं तिकडं. फाईली त्याच राहणार आहेत.

जिथं निवड खरंच महत्त्वाची असते तिथं सेटअपराव मुकाट असतो, ही यातली सगळ्यात मोठी गंमत. लिहिणारा एडिटर वेगळा आणि लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर वेगळा. 1987 साली आलेल्या बोर्लंडच्या टर्बो सीमध्ये दोन्ही एकाच निळ्या पडद्यात नांदत होते, आणि आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांनी पोरांच्या कित्येक पिढ्या त्याच निळाईत घडवल्या. त्यात साध्या पूर्णांकाची, म्हणजे इंटची, धाव 32,767 पर्यंतच. उसाच्या बिलाचे 20,000 आणि 20,000 साध्या इंटमध्ये ठेवून बेरीज मागा, उत्तर येतं उणे 25,536. ऊस घालून वर कारखान्यालाच पैसे द्यायचे! आजच्या नेहमीच्या कंपायलरवर हेच उत्तर सरळ 40,000 येतं. या फरकावर सेटअपराव एकदाही भांडलेला नाही, पण काळी पार्श्वभूमी की पांढरी, यावर तो मित्राशी आठवडाभर अबोला धरतो. 'झोंबी'तल्या पोराला याच कागलात शाळेत जाण्यासाठीच घरच्यांशी झुंजावं लागलं होतं. लेखणी कुठल्या कंपनीची, हा प्रश्न आनंद यादवांच्या त्या पुस्तकात येत नाही.

एवढं सगळं सेटअपरावाला पटतं, अगदी मनापासून. तो मान डोलावतो, थॉनी उतरवून घेतो, नवी फाईल उघडतो आणि विचारतो, 'फॉन्ट कुठला ठेवू?' वर टॅबवर नाव दिसतं : अनटायटल्ड.