चढावरचा होकार

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. भोवती सागवानाच्या टेकड्या आहेत आणि रस्ते त्यांच्या कलाने चढतात, उतरतात. आर्णी रोड, दारव्हा रोड, धामणगाव रोड, पांढरकवडा रोड अशी गावांची नावे घेऊन निघालेल्या या रस्त्यांवर रोज पहाटे आणि संध्याकाळी एक जोडपे हमखास आढळते. नवरा साठी ओलांडलेला, बायको साठीला टेकलेली. दोघे एकाच घरातून निघाले आहेत हे त्यांच्या चालण्यावरून कळत नाही, बोलण्यावरून कळते.

हे जोडपे मुळात पायी चालणारे नसते. नोकरीत असताना नवऱ्याने कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटरला किक मारलेली असते. चालणे सुरू होते ते निवृत्तीनंतरच्या पहिल्या रक्ततपासणीपासून. साखर निघते, डॉक्टर चालायला सांगतात, आणि नवरा घरी येऊन जाहीर करतो की डॉक्टरांनी दोघांनाही चालायला सांगितले आहे. बायकोची साखर कोणी तपासलेलीच नसते.

नवरा बहुधा जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर, बँकेतला कॅशियर, वीज मंडळाचा माणूस किंवा कापूस पणन महासंघाचा ग्रेडर असतो. यातला ग्रेडर खास या जिल्ह्याचा. 1972 मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि बंडीतला कापूस मुठीत घेऊन त्याचा दर्जा सांगणारा माणूस एकदम वजनदार झाला. हयात त्यात गेल्यामुळे तो निवृत्तीनंतरही समोर येईल त्याचा ग्रेड ठरवतच चालतो. रस्त्याचे डांबर, नव्या बंगल्याचा रंग, समोरून येणाऱ्याची तब्येत, काहीच सुटत नाही. बायकोचा ग्रेड मात्र तो कधी बोलून दाखवत नाही. एवढा शहाणपणा कापसाच्या धंद्यातही शिकायला मिळतो.

पोशाख ऋतूप्रमाणे बदलतो. बूट बदलत नाहीत. ते पुण्याच्या मुलाने ऑनलाइन पाठवलेले असतात आणि त्यांची खरी किंमत मुलाने निम्मी करून सांगितलेली असते. बायको तेच बूट साडीवर घालते. हिवाळ्यात नवऱ्याच्या डोक्यावर माकडटोपी येते. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा आणि खिशात कांदा असतो, कारण ऊन लागू नये म्हणून कांदा बाळगायचा ही विदर्भाची जुनी रीत आहे. पहाटे साडेपाचला कसले ऊन, असे बायको विचारते. त्यावर तो उत्तर देत नाही. कांदा चाचपून पाहतो.

निघण्याचा कार्यक्रम चालण्याइतकाच वेळ खातो. नवरा पाच वाजता बूट घालून फाटकाशी उभा राहतो. बायको गॅस बघते, मागचे दार लावते, पुढचे कुलूप ओढून पाहते, मग पुन्हा आत जाऊन गॅस बघते. नळ येण्याचा दिवस असेल तर सगळेच रद्द होते. या शहराला निळोणा आणि चापडोह या धरणांतून पाणी मिळत आले आहे, आणि नळाची वेळ ही येथे पंचांगातल्या मुहूर्ताहून पक्की मानावी लागते. 2018 च्या उन्हाळ्यात पाण्याची भीषण टंचाई झाली तेव्हा ही जोडपी फिरत होतीच, फक्त हातात गुंड होते. त्या वर्षी चालणे सर्वांत जास्त झाले आणि त्याला कोणी व्यायाम म्हटले नाही.

रस्त्यावर आल्यावर दोघांमध्ये दहा-पंधरा पावलांचे अंतर पडते. नवरा पुढे, कारण त्याच्या मोबाइलमध्ये पावले मोजली जात असतात. बायकोचा मोबाइल घरी चार्जिंगला असतो, त्यामुळे सरकारी हिशेबाने ती गेल्या कित्येक वर्षांत एक पाऊलही चाललेली नाही. सपाट रस्त्यावर हे अंतर कायम राहते आणि संभाषण ओरडून चालते.

"अहो, थांबा ना जी. कोणी वाट पाहून राह्यलं काय तिकडे?"

"तू चाल ना लवकर. ऊन होऊन राह्यलं."

या संवादाने आसपासच्या घरांतले लोक उठतात. अनेकांनी गजर लावणे त्यामुळेच सोडले आहे.

खरा प्रकार चढावर घडतो. चढ लागला की नवऱ्याची चाल मंदावते. बायको आपल्या चालीने येऊन त्याला गाठते, आणि दिवसात पहिल्यांदा दोघे बरोबरीने चालू लागतात. नवऱ्याला धाप लागलेली असते. बायकोला लागलेली नसते, कारण तिने जन्मभर जिने, विहिरी आणि पाण्याचे गुंड केलेले आहेत. हीच वेळ साधून ती विषय काढते. धाकट्या बहिणीकडचे लग्न, तिथे द्यायचा आहेर, स्वयंपाकघरातली फरशी, दारव्ह्याच्या जमिनीतला वाटा, मुलाकडे पुण्याला किती दिवस राहायचे, असे कोणतेही मोठे प्रकरण ती सपाट रस्त्यावर उघडत नाही. नकार द्यायचा तर कारण सांगावे लागते, आणि कारण सांगायला दम लागतो. होकाराला कारण लागत नाही.

"आहेरात पैठणी देऊ म्हणते मी. एकच तर भाची आहे."

"हं..."

"हं म्हणजे हाव ना?"

"हाव... हाव."

चढ संपतो, प्रकरण संपते. उतार लागताच नवऱ्याचा श्वास परत येतो आणि पैठणीच्या किमतीचे भानही येते. तो आक्षेप घेऊ लागतो. पण उतारावर पाय आपोआप पडत असल्यामुळे तो पुन्हा दहा पावले पुढे निघालेला असतो. त्याचे म्हणणे मागे ऐकू जात नाही, निदान ऐकू गेले असे बायको मान्य करत नाही. अनेक घरांतले फ्रिज, कपाटे, सोयरिकी आणि एखाद-दुसरा प्लॉटही याच पद्धतीने ठरलेला आहे. नवऱ्यांना हे ठाऊक नसते असे नाही. सपाट रस्त्याने जाऊ, असे सुचवणारे नवरेही असतात. त्यांना बायको डॉक्टरांची आठवण करून देते.

परतीच्या वाटेवर फुलांचे काम असते. घरच्या अंगणात फुले असली तरी देवाला बाहेरचीच लागतात. जास्वंद, तगर, कण्हेर कुंपणाबाहेर डोकावत असेल तर ते सार्वजनिक समजायचे, हा नियम सर्वमान्य आहे. वाद होतो तो कुंपणाच्या आतल्या फांदीवरून. बायको पदराचे एक टोक कमरेला खोचते, फांदी वाकवते, आणि त्याच क्षणी नवरा पाठ फिरवून विजेच्या खांबावरची क्लासची जाहिरात वाचू लागतो. तो पहारा देत असतो, पण पकडले गेल्यास ओळख नाकारता यावी इतक्या अंतरावरून. घराचे दार उघडते.

"काऊन जी, फुलं तोडून राह्यले काय?"

"देवाले दोनच पाह्यजे होते हो."

पिशवीत दोनाहून बरीच जास्त असतात. मग घरमालकीण बाहेर येते, माहेरचे गाव निघते, कळंबच्या चिंतामणीला कोण कोणाबरोबर गेले होते ते निघते, आणि शेवटी ती स्वतःच वरच्या फांदीवरची चार फुले तोडून देते. तोपर्यंत नवऱ्याला जाहिरातीतला पत्ता आणि फोन नंबर पाठ झालेला असतो.

त्यानंतर तर्री पोहे. साखरेच्या माणसाला पोहे चालतात की नाही यावर नवऱ्याचे मत ठाम आहे: चालून आल्यावर चालतात. वर तर्री घेतली तर ती तिखट असते, गोड नव्हे, त्यामुळे तिचा साखरेशी संबंध येत नाही. शेजारी आलूबोंडा तळला जात असेल तर तो एकच घेतला जातो आणि दोघांत वाटला जातो. मोठा अर्धा कोणाचा हे त्या दिवशी चढावर काय ठरले यावर अवलंबून असते. सकाळभर मोबाइलने मोजलेली पावले येथे बरोबरीत सुटतात.

दुपारी काही नाही. दुपारी यवतमाळमध्ये कोणी चालत नाही.

संध्याकाळची फेरी बाजाराच्या दिशेने असते आणि तिचा पुढारी बदलतो. आता बायको पुढे, नवरा पिशवी घेऊन मागे. भाजीचा भाव ती करते. तो मागे उभा राहून कापसाचा भाव सांगतो, तो कोणी विचारलेला नसतो. दत्त चौकातून किंवा आझाद मैदानाजवळून जाताना त्याला शहराचा इतिहास सुचतो. त्याच्या नकाशात आज असलेल्या जागा कमी आणि गेलेल्या जास्त असतात. कोणाला पत्ता सांगायचा झाला तर तो बंद पडलेल्या दुकानापासून सुरुवात करून तोडलेल्या निंबाशी संपवतो.

शकुंतलेचा विषय मात्र रोजचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी नॅरोगेज गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस वाहून न्यायला आली. मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा होता, आणि स्वातंत्र्यानंतरही मालकी खाजगीच राहिली. मँचेस्टरला तयार झालेले 1921 चे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होते, मग डिझेल आले. आता गाडी धावत नाही. हे सर्व नवरा रोज नव्याने सांगतो आणि साल आले की अडखळतो.

"ते इंजिन बंद झालं..."

"चौऱ्याण्णवले," बायको मेथीची जुडी उलटीपालटी करत सांगते.

तो मान डोलावतो आणि पुढे सांगू लागतो. वर्धा-नांदेड मार्गाचे काम सुरू आहे, 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत ब्रॉडगेज गाडी आली, ती यवतमाळला पोचली की आपण पहिल्या डब्यात बसू, असा शेवट असतो. कळंबपासून यवतमाळपर्यंत ती येईस्तोवर तुमची साखर कमी होईल, असे बायको म्हणते. हे तिचे सर्वांत आशावादी विधान समजावे.

साहित्याचा विषय वर्षातून एखादेवेळी निघतो. यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले: 1973 मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, 2019 मध्ये अरुणा ढेरे. पहिल्या संमेलनात आपण माडगूळकरांच्या अगदी मागून चालत गेलो होतो, असे या वयाचा प्रत्येक नवरा सांगतो. ते सगळे खरे धरले तर माडगूळकरांच्या मागे लांबलचक मोर्चा असला पाहिजे.

वर्षातून दोन प्रसंगी नित्यक्रम मोडतो. पावसाळ्यात निळोणा ओव्हरफ्लो झाल्याची बातमी येते आणि अर्धे शहर तिकडे लोटते. जोडपे ऑटोने जाते, पाण्याजवळ शंभर पावले टाकते, भाजलेले कणीस खाते आणि ऑटोने परत येते. याला निळोण्यापर्यंत फिरून येणे म्हणतात. दुसरा प्रसंग नवरात्राचा. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला आहे, आणि त्या नऊ रात्री शहरातला प्रत्येक माणूस एका देवीपासून दुसऱ्या देवीपर्यंत पायीच फिरतो. वर्षभर चालणाऱ्या जोडप्याला ही हौशी गर्दी आवडत नाही. कोणत्या गल्लीतून गेले तर चढ टळतो हे नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सांगतो. तो रस्ता स्वतःच्या बायकोला दाखवण्याचे धाडस त्याला अजून झालेले नाही.

जिल्ह्यात या जोडप्याचा एक पोटप्रकार पुसदला सापडतो. ते गाव चहूबाजूंनी डोंगरांत आहे, त्यामुळे तिथे चढाला तोटा नाही. 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, आणि तिथल्या नवऱ्याला चढावर थांबायचे झाले की तो सत्याग्रहाची माहिती देण्यासाठी थांबतो. दम लागला म्हणून थांबणे आणि इतिहासासाठी थांबणे यांत फरक आहे, असे त्याचे म्हणणे. यवतमाळकर नवऱ्याकडे शकुंतला आहे, पण ती सपाटीवर आठवते, ही त्याची अडचण.

दिवाळीनंतर जोडपे मुलाकडे पुण्याला जाते आणि तिथे त्याची परवड होते. सोसायटीत गोल ट्रॅक असतो. त्यावर फिरून माणूस जिथून निघाला तिथेच येतो, आणि वाटेत ना फूल, ना पोहे, ना ओळखीचा माणूस. मुलगा एका रविवारी पर्वतीला नेतो. तिथल्या 103 पायऱ्यांचे पुणेकरांना केवढे अप्रूप, ते पाहून जोडपे एकमेकांकडे पाहते आणि काही बोलत नाही. पायऱ्या मध्यावर आल्या की बायको मात्र परतीचे तिकीट पंधरा दिवस पुढे ढकलण्याचा विषय काढते, आणि नवरा "हाव" म्हणतो. म्हणजे पद्धत यवतमाळबाहेरही लागू पडते.

चालण्याचा परिणाम काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे. दर तीन महिन्यांनी नवऱ्याची साखर होती तिथेच निघते, वजन पोह्यांनी राखलेले असते, गुडघे दोघांचेही कुरकुरतात. डॉक्टर चालत राहा म्हणतात. घरातले तंटे मात्र या जोडप्यात इतरांपेक्षा कमी आढळतात, कारण जे भांडायचे ते दहा पावलांच्या अंतरावरून भांडून होते आणि जे ठरायचे ते चढावर ठरून जाते. त्यामुळे अशा घरातून कोणाला वर्गणी, उसने पैसे किंवा मुलगी मागायची असेल, तर त्याने घरी जाऊन चहा पिण्यात वेळ घालवू नये. पहाटे सहाच्या सुमारास एखाद्या चढाच्या मध्यावर उभे राहावे, आणि विषय बायकोकडे काढावा.