कुनाचं?

मेढ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात तात्या चहाआधी पाण्याचा ग्लास उजेडाला धरतात. मग एक घोट तोंडात घोळवून, खळखळून चूळ टाकतात आणि निकाल देतात, "म्हशीचं. केळघरकडची म्हस." कधीकधी निकाल बदलतो, "शेरडं. वर धनगराचा वाडा बसलाय." शेजारी बसणाऱ्याचा चहा तिथंच निवतो.

तात्यांचा सिद्धांत एकच: घाण नेहमी वरून येते. वेण्णा महाबळेश्वरहून उतरते, केळघरच्या खोऱ्यातून मेढ्याला येते आणि पुढे कण्हेरच्या धरणात जाते. त्यामुळे वरच्या अंगाला गुन्हेगारांची वानवा नाही. तात्यांनी बांधावरून तीन दावे लढवलेत. आरोपीचं नाव-गाव कळल्याशिवाय त्यांना तक्रारीत चवच लागत नाही.

म्हणूनच पाणी तपासायला येणाऱ्या पोरावर त्यांचा राग. तो बाटलीत नमुना घेतो, दीड-दोन दिवसांनी बाटली काळी पडली की पाणी खराब म्हणतो आणि टीसीएल पावडर टाकायला सांगतो. "काळी पडली ते मलाबी दिसतंय," तात्या गुरगुरतात, "कुनामुळं पडली ते बोल की!" पोरगा काय बोलणार? बाटली काळी करणारे जिवाणू म्हशीच्या पोटात असतात, शेळीच्या असतात आणि तात्यांच्याही.

मग 2025 साली बातमी आली. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांना महाबळेश्वर-पाचगणीच्या पाण्यात घोड्याच्या लिदीचा अंश आढळला. तात्यांना आभाळ ठेंगणं झालं. वेण्णा लेकवरचे घोडे! म्हणजे थेट नदीच्या डोक्यावर! बातमीचं कात्रण लॅमिनेट होऊन खिशात आलं. त्या आठवड्यात मेढ्यात कुणाला ढेकर आली तरी तात्या म्हणायचे, "घोडं."

(एक कबूल करायला हवं. या बाबतीत मराठी आधीपासूनच प्रयोगशाळेच्या पुढे आहे. गाईम्हशीचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, पाखराची शीट. नुसत्या शब्दावरून जनावर हजर. अडचण एवढीच, की पाण्यात विरघळल्यावर शब्द उरत नाही.)

ती अडचण तात्यांच्या पुतणीनं सोडवली. ती साताऱ्याला मायक्रोबायोलॉजी शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिनं सांगितलं, आतड्यात बॅक्टेरॉइडेल्स नावाचे जिवाणू असतात, त्यांच्या काही जाती ज्या त्या जनावराच्या पोटाला धरून असतात. त्यांच्या जनुकाचा ठरावीक तुकडा म्हणजे मार्कर. कोरोनात नाकात काडी घालून करायचे तीच पीसीआर करायची, की गाईगुरांचा मार्कर वेगळा निघतो, घोड्याचा वेगळा. शिवाय हे जिवाणू मोकळ्या हवेत फार तग धरत नाहीत, त्यामुळे सापडले तर माल ताजा समजायचा.

"म्हंजे शेणाचा सातबारा!" तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले.

"कधीकधी एकाचा मार्कर दुसऱ्यातही डोकावतो, म्हणून आधी त्या त्या भागात पडताळून घ्यावा लागतो."

"सातबाऱ्यावरबी डोकावत्यात की. वहिवाट म्हनायचं."

"आणि माणसाचाही आहे, तात्या. एचएफ 183."

तात्यांनी चहा बशीत ओतला. पुन्हा कपात ओतला.

"तो कशाला काढायचा?"

"आपल्या घाटाखाली नमुना घेतला तर कळेल ना, माणसाचं किती, म्हशीचं किती."

"घाटाच्या वर घे. खाली काय हाय?"

खाली काय आहे, हे सगळ्या मेढ्याला ठाऊक आहे. तात्यांच्या संडासाचा पाइप जिथं ओढ्याला मिळतो, ती जागा.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाहुण्यानं ग्लास उचलला, उजेडाला धरला, घोट घोळवून चूळ टाकली. माणूस कण्हेरच्या बाजूचा. त्याच्या गावाला नदी मेढ्यावरून जाते.

"तात्या, म्हशी किती तुमच्याकडं?"

"दोन. पर आमच्या म्हशी पान्यात उतरत न्हाईत. गोठ्यातच आंघोळ."

दारातून नातू धापा टाकत आत आला. "आजोबा, चला लवकर! दोघी नदीत बसल्यात, दगड मारला तरी उठंनात!"

"कुनाच्या?" तात्यांनी विचारलं.