सेंट मार्कच्या सपक्ष सिंहास अनावृत पत्र

श्रीमंत राजमान्य राजश्री सपक्ष सिंह, मुक्काम पियात्सेत्ता, शहर व्हेनिस, यांचे सेवेसी
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या नगरीत तक्रार गुदरण्याची प्राचीन वहिवाट अशी होती, की दोजांच्या, म्हणजे जुन्या राज्यप्रमुखांच्या, प्रासादाच्या भिंतीत कोरलेल्या सिंहमुखात कागद टाकावा आणि पुढील चौकशी सरकारने गुपचूप करावी. परंतु प्रासादातील ती मुखे पाहावयाची तर तिकीट काढणे प्राप्त असल्यामुळे, आणि त्याची रक्कम आमच्या मंडळाच्या खजिनदारांनी नामंजूर केल्यामुळे, प्रस्तुत अर्जदार आपली कैफियत उघड्यावरच, आपल्या स्तंभाच्या पायथ्याशी उभे राहून, सादर करीत आहेत. उभे राहून अशासाठी, की बसण्यास मनाई आहे.

अर्जदार म्हणजे पुण्यातील एका कचेरीतून यथाकाल निवृत्त झालेले पाच स्नेही. युरोप पाहावा, परंतु पेन्शनीला धक्का लागू नये, या दोन परस्परविरोधी आकांक्षांच्या पोटी आमची ही सहल जन्मास आली, आणि म्हणून आम्ही बिऱ्हाड केले ते आपल्या बेटावर नव्हे, तर खाडीपलीकडच्या मेस्त्रे येथे, जेथे रात्री स्वस्त आहेत आणि जेथून आगगाडी दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया स्थानकावर आणून सोडते. मेस्त्रे आपल्याच नगरपालिकेच्या हद्दीत मोडत असल्यामुळे मुक्कामाचा दररात्रीचा कर आम्ही भरतोच. सबब, एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत एका दिवसापुरत्या येणाऱ्या उपऱ्यांवर जी 5 युरोंची प्रवेशपट्टी बसली (आणि पुढल्या वर्षी आयत्या वेळी भरणारांस जी 10 युरो झाली), तिच्यातून आम्ही मुक्त आहोत. तथापि मुक्त असणाराने आपण मुक्त असल्याची आगाऊ नोंद करावी, आणि काही न भरल्याबद्दलचा तो दाखला तपासनिसास दाखविण्यासाठी जवळ बाळगावा, ही तरतूद वाचताच आमच्यातील माजी अव्वल कारकुनांचे डोळे पाणावले. इतके परिपूर्ण कलम त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

महाराज, पट्टी बसविण्यास आमची हरकत नाही. ज्या प्रजासत्ताकाचा सारा डामडौल मिरी, रेशीम आणि जकात यांवर उभा राहिला, त्याने माणसांवरही जकात घ्यावी हे परंपरेस धरूनच आहे. आम्हांस नवल वाटते ते फुकट येणाऱ्याविषयी येथे जी नाराजी आहे, तिचे. आपल्या जवळच जे महामंदिर झळकत आहे, त्यातील संत मार्क यांचा देह 828 साली अलेक्झांड्रियाहून उचलून आणला, आणि मुसलमान जकातदाराने हात लावू नये म्हणून तो डुकराच्या मांसाखाली दडविला, असे आपलेच लोक अभिमानाने सांगतात व सोनेरी भित्तिचित्रांत दाखवितात; दर्शनी भागावरचे मूळ चार घोडे चौथ्या धर्मयुद्धात 1204 साली लुटलेल्या कॉन्स्टँटिनोपलहून आले; आणि आपण स्वतः, 1797 साली प्रजासत्ताक बुडाल्यावर, नेपोलियनच्या खर्चाने पॅरिसची सहल करून आलात. परत निघताना उतरविण्यात हयगय होऊन आपले तुकडे झाले, ही गोष्ट वेगळी. परंतु भाडे आपणांस पडले नाही. इतक्या थोर अनुभवाच्या प्रवाशाने आमच्या पिशवीतल्या दशम्यांकडे अशा नजरेने पाहू नये.

कारण त्या दशम्यांचा प्रश्न बिकट आहे. चौकात शिदोरी सोडणे हा गुन्हा, मंदिराच्या पायऱ्यांवर टेकणे हा गुन्हा, कबुतरांना दाणे टाकणे हा 2008 पासून गुन्हा. आणि 2019 साली रिआल्तो पुलाच्या पायथ्याशी आपल्याच चुलीवर कॉफी करून घेणाऱ्या दोन जर्मन प्रवाशांस 950 युरो दंड झाल्याची हकीकत आमच्या खजिनदारांनी वाचल्यापासून ते मेतकुटाचा डबासुद्धा आडोसा पाहून उघडतात. पंचविसांहून मोठ्या तांड्यास व मार्गदर्शकाच्या ध्वनिवर्धकास 2024 पासून बंदी आहे, हे ठीकच. आमच्यातील एका स्नेह्यांच्या निसर्गदत्त आवाजाबाबत मात्र नियम मौन आहे.

गोंडोल्याचेही सांगतो. प्रवाशांची वजने वाढली म्हणून 2020 साली सहाऐवजी पाचच उतारू बसविण्याचे ठरले, हा जणू आमच्याचसाठी झालेला ठराव. अर्ध्या तासाचे 90 युरो पाचांत वाटले तर माणशी 18. खजिनदारांनी हा भागाकार दोनदा केला, चष्मा पुसला, आणि आम्हांस ट्रागेत्तोच्या धक्क्यावर नेले. तेथे दोन नावाडी जुन्या रुंद गोंडोल्यातून मोठा कालवा ओलांडून देतात, परक्यास 2 युरो घेतात, आणि बाजारची पिशवी घेतलेल्या गृहिणी वर्तमानपत्र वाचावे इतक्या निश्चिंतपणे त्यात उभ्या असतात. आम्हीही उभे राहिलो. एका मोटारबोटीची लाट येताच आमच्यातील एक स्नेही शेजारच्या आजीबाईंच्या भाजीच्या पिशवीस बिलगले; आजीबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांस सरळ केले आणि पलीकडच्या काठावर उतरेपर्यंत सोडले नाही. अठरा युरोंत हे मिळाले नसते.

त्या आजीबाईंवरूनच मूळ मुद्द्यावर येतो. रिआल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत, जुन्या शहराची कायम वस्ती किती उरली याचा आकडा दिव्यांनी दाखविलेला आहे. 1951 साली जेथे पावणेदोन लाख माणसे नांदत होती, तेथे आज पन्नास हजारही नाहीत, आणि 2023 साली पर्यटकांच्या खाटा रहिवाशांहून अधिक झाल्या. ही माणसे आमच्या दशम्यांनी हुसकली नाहीत. ती गेली, कारण ज्या घरात ती राहत होती त्याचे भाडे पाहुण्याकडून आठवड्यात जितके येते तितके कुटुंबाकडून महिन्यातही येत नाही. आणि घरमालकाच्या त्या हिशेबापुढे दारावरची पाच युरोंची पट्टी म्हणजे गर्दीवरचा इलाज नसून गर्दीचा महसूल होय. त्या पट्टीने पहिल्याच वर्षी सुमारे 24 लाख युरो जमा झाले. गर्दी कमी झाल्याचे आम्हांस तरी, चारी बाजूंनी चेंगरत असताना, जाणवले नाही.

सबब अर्जदारांची नम्र प्रार्थना अशी की, पट्टी खुशाल घ्यावी, दंडही घ्यावेत. परंतु जमा रकमेतून प्रथम, भाजीची पिशवी घेऊन कालवा ओलांडणाऱ्या माणसांना परवडतील अशी घरे राखावीत, आणि त्यातून काही शिल्लक राहिल्यास, साठी उलटलेल्या पाच माणसांना टेकता येईल असे एक बाकडे आपल्या स्तंभाजवळ बसवावे. बाकड्यास भाडे असल्यास दर आगाऊ कळवावा. खजिनदारांची मंजुरी घ्यावी लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पाचांपैकी एक